एका पाटीसाठी चौदा महिने

पत्र तीन आठवडे फ्रीजच्या दारावर, पिझ्झाच्या कूपनांखाली चुंबकाने अडकवलेलं होतं. एप्रिल २०२४ मधली गोष्ट. हाउसची बिलं गोळा करायला मी गेलो होतो, तेव्हा निळ्या शाईने हाताने लिहिलेलं ते पाकीट दिसलं. त्या पत्त्यावर हाताने लिहिलेलं असं काही आता येतच नाही. मुलांना विचारलं तर म्हणाले, "कुणातरी आजीचं आहे, उत्तर द्यायचं राहिलं."

आधी मी यात कसा आलो ते सांगतो. मी मूळचा विट्याचा. २००१ साली एमएस करायला न्यूयॉर्क राज्यात आलो आणि पहिल्या उन्हाळ्यात स्वस्त खोली हवी म्हणून एका फ्रॅटर्निटीच्या हाउसमध्ये राहिलो. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजच्या मुलांची मंडळी. एका घरात राहतात, एकमेकांना ब्रदर म्हणतात आणि कॉलेज सुटल्यावरही ते नातं जन्मभर सांगतात. उन्हाळ्यात मुलं घरी गेली की रिकाम्या खोल्या माझ्यासारख्यांना भाड्याने मिळतात. पुढे नोकरी त्याच गावात लागली. घराची मालकी ज्या माजी सदस्यांच्या मंडळाकडे असते त्याला हाउस कॉर्पोरेशन म्हणतात, आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखंच. त्यांना हिशेब बघणारा माणूस हवा होता. गेली नऊ वर्षं तो मी आहे. मी स्वतः ब्रदर नाही, कधी नव्हतो.

पत्र लिहिणाऱ्या बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचे वडील १९३९ ते ४२ आणि परत १९४६-४७ असे या हाउसमध्ये राहिले, चित्रकला शिकले, पुढे जाहिरातींची चित्रं काढत आयुष्य काढलं आणि १९९३ साली वारले. दुसऱ्या महायुद्धाबद्दल घरात कधी बोलले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "रंगकाम करत होतो." मार्च २०२४ च्या २१ तारखेला वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये त्या युद्धातल्या 'घोस्ट आर्मी' नावाच्या तुकडीला काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं, सुवर्णपदक दिलं गेलं. त्या तुकडीतले तेव्हा सात जण हयात होते, त्यांतले तिघे समारंभाला आले. बाई ते सगळं बघत होत्या. त्यानिमित्ताने त्या सैनिकांनी युद्धात काढलेली चित्रंही त्यांच्या नजरेस पडली. त्यांत फ्रान्समधल्या त्रेव्हिएर गावच्या, बॉम्बने फुटलेल्या चर्चची चित्रं होती. एकट्या त्या चर्चची कितीतरी जणांनी काढलेली.

तेच चर्च बाईंच्या जेवणघरात साठ वर्षं भिंतीवर होतं. वडिलांनी काढलेलं जलरंगातलं चित्र. सगळ्यांना वाटायचं, मनाने काढलंय.

त्यांनी काही मागितलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं की तुमच्याकडे बाबांचा एखादा कागद आहे का. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, वडिलांचंही नाही. बाईंची तशी इच्छा आहे. तुम्ही असं काही करायला घेतलंत तर पहिला फोन घरच्यांना करा आणि काय जाहीर करायचं, काय नाही, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. आम्ही हे मे महिन्यात केलं आणि पुढचे बरेच वाद त्यामुळे टळले.

तळघरात दोन लोखंडी ट्रंका होत्या. एकीत नुसते क्रिकेटच्या पॅडसारखे जाडजूड बेसबॉलचे हातमोजे, दुसरीत कागद. मी आणि दुसऱ्या वर्षाची दोन मुलं एका शनिवारी मास्क लावून बसलो. १९४६ चं वार्तापत्र सापडलं. युद्धावरून परतलेल्या प्रत्येक ब्रदरची त्यात माहिती होती, कोण कुठल्या जहाजावर, कोणाला कोणतं पदक, कोण किती उड्डाणं करून आला. काहींची माहिती अर्ध्या पानाची. यांच्या नावापुढे दोनच शब्द, 'इंजिनियर्स. युरोप.'

मग इतिवृत्ताची वही. फेब्रुवारी १९४७ च्या बैठकीत ठरलं होतं की परतलेल्या प्रत्येकाने रविवारच्या जेवणानंतर दहा मिनिटं बोलायचं. कोण कधी बोलणार याची यादी होती आणि यांच्या नावापुढे सचिवाने लिहिलं होतं, 'नकार. म्हणतो, सांगण्यासारखं काही नाही.'

त्या काळातले एक ब्रदर अजून आहेत, शहाण्णव वर्षांचे, दुसऱ्या राज्यात. त्यांना फोन केला. त्यांना बाईंचे वडील चांगले आठवत होते. म्हणाले, आम्ही त्याला 'साइनबोर्ड' म्हणायचो, कारण आम्हाला वाटायचं की बाकीचे लढत होते तेव्हा हा कुठल्यातरी गोदामात बसून पाट्या रंगवत होता. मी त्यांना घोस्ट आर्मीबद्दल सांगितलं. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं फोन कटला. मग ते एवढंच म्हणाले, "आणि तो हसायचा. आम्ही चिडवायचो आणि तो हसायचा."

त्या रात्री मी ठरवलं की हे अर्धवट सोडायचं नाही, हाउसमध्ये त्यांच्या नावाची पाटी लावायची.

ही तुकडी काय होती ते थोडक्यात सांगायला हवं. अधिकृत नाव २३ वी हेडक्वार्टर्स स्पेशल ट्रूप्स, जानेवारी १९४४ मध्ये उभी राहिली, माणसं सुमारे अकराशे. काम एकच, शत्रूला फसवणं. हवा भरलेले रबरी टँक मैदानात मांडायचे. टँकच्या आणि पूल बांधण्याच्या आवाजांचं ध्वनिमुद्रण मोठमोठ्या स्पीकरवरून रात्री वाजवायचं. बिनतारी संदेश दुसऱ्याच डिव्हिजनच्या लकबीने पाठवायचे. खांद्यावर त्या डिव्हिजनचे बिल्ले शिवून गावातल्या कॅफेत जाऊन मुद्दाम बडबडायचं. रबरी टँक साधारण बेचाळीस किलोचा, आपल्या तांदळाच्या पोत्याहून हलका. चार अमेरिकन सैनिक टँक उचलून फिरवताहेत हे पाहून दोन फ्रेंच सायकलस्वार थिजून उभे राहिल्याचा किस्सा त्या सैनिकांपैकी एकाने पुढे सांगितला आहे. या तुकडीत ६०३ वी कॅमफ्लाज, म्हणजे शत्रूच्या नजरेपासून लपवण्याचं काम करणारी, बटालियन होती, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या कला महाविद्यालयांतून निवडलेल्या चित्रकारांनी भरलेली. मार्च १९४५ मध्ये जर्मनीत फीर्झेनजवळ त्यांनी सहाशेहून जास्त खोटी वाहनं मांडून दोन अख्ख्या डिव्हिजन तिथे असल्याचा देखावा उभा केला, आणि खरी नववी आर्मी दुसरीकडून ऱ्हाइन ओलांडून गेली. या सगळ्याचे कागद १९९६ पर्यंत गोपनीय होते.

आमचे गृहस्थ १९९३ ला गेले. तीन वर्षं आधी.

अर्थात, अजून आमच्या हातात पुरावा काहीच नव्हता. एक चित्र, तेही तारखेशिवाय. मंडळाच्या बैठकीत एक वकील सदस्य आहेत, ते म्हणाले, "नुसत्या चित्रावरून पाटी लावली आणि उद्या कोणी खोटं ठरवलं तर त्या बाईंना काय तोंड दाखवणार?" बरोबर होतं त्यांचं. सैन्यात न केलेल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगणारे लोक इथे अधूनमधून उघडे पडतात. म्हणून आधी कागद, मग पाटी, असा ठराव झाला.

मे २०२४ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सेंट लुईसच्या केंद्राकडे अर्ज केला. कागदावर करायचा तर एसएफ-१८० हा फॉर्म, ऑनलाइनही होतो. सैन्य सोडून बासष्ट वर्षं झाली की ती फाइल सार्वजनिक होते, मग नातेवाईक नसलेल्यालाही मागता येते. पाच पानांपर्यंत २५ डॉलर, त्याहून मोठी फाइल ७० डॉलर. अर्जात सर्व्हिस नंबर असेल तर फार सोपं जातं. बाईंनी वडिलांच्या ओळखबिल्ल्यांचा डबा शोधून नंबर काढून दिला. तो मला आता पाठ आहे.

उत्तर ऑगस्टमध्ये आलं. मला जे वाचायचं नव्हतं तेच त्यात होतं. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या त्या इमारतीला आग लागली आणि सोळा ते अठरा लाख नव्हे, कोटीच्या घरात, एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फाइली जळाल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात लष्कर सोडलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांच्या फाइली गेल्या. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती. यांची फाइल त्यातच होती. मात्र शेवटच्या पगाराचं व्हाउचर दुसरीकडे ठेवलेलं वाचलं होतं. त्यावरून त्यांनी सेवेचा दाखला दिला. भरती कधी, मुक्त कधी, हुद्दा काय, आणि सेवा सन्मानाने संपली. तुकडीचं नाव त्यात नव्हतं.

तेव्हा मी जरा खचलो होतो. विट्याला आईला फोन केला तर ती म्हणाली, "कुणाची कागदं हुडकत बसलायस रं एवढं? आपल्या बाणूरगडावर बहिर्जी नाईकाची समाधी हाय, तिला कुठला कागद लागला? माणसांनी ध्यानात ठिवलं." लहानपणी आम्ही शाळेच्या सहलीला तिथे जायचो. महाराजांच्या हेरखात्याचा प्रमुख इथे झोपलाय, असं गुरुजी हळू आवाजात सांगायचे, जणू मोठ्याने बोललं तर तो सावध होईल. आईचं खरंच होतं. पण इथली अडचण अशी की ध्यानात ठेवायला माणसांना कधी कळूच दिलं नव्हतं. सोबत जेवणारे त्यांना साइनबोर्ड म्हणत होते. इथे कागदाशिवाय गत्यंतर नव्हतं.

वाट दाखवली ती आमच्या गावातल्या अमेरिकन लीजनच्या एका निवृत्त सैनिकाने. ही माजी सैनिकांची संघटना, गावोगावी शाखा असतात. ते म्हणाले, "१९४५ ला घरी आलेल्या पोरांना सांगायचे की डिस्चार्जचा, म्हणजे सैन्यातून मुक्त झाल्याचा, कागद हरवू नका, काउंटी क्लार्ककडे नोंदवून ठेवा. कितीतरी जणांनी नोंदवला. आधी तिथे बघायचं." काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि काउंटी क्लार्क म्हणजे जिथे जमिनीचे दस्त नोंदवतात ते कार्यालय. मला हे मे महिन्यात माहीत असतं तर चार महिने वाचले असते, म्हणून तुम्हाला सांगतो. आधी काउंटी, मग सेंट लुईस. आणि माणूस मेला त्या काउंटीत नाही, युद्धावरून परतल्यावर जिथे आईवडिलांच्या घरी उतरला असेल त्या काउंटीत. असे कागद सहसा कुटुंबाबाहेर देत नाहीत, तेव्हा घरच्या माणसाला ओळखपत्र आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला घेऊन सोबत न्यावं लागतं.

सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी मी रजा काढली आणि बाईंना घेऊन दोन तास गाडी चालवत गेलो. काउंटरवरच्या मुलीने सूची पाहिली आणि एक भलंमोठं बांधीव पुस्तक आणून ठेवलं. जुन्या फोटोस्टॅटची पानं, काळ्या कागदावर पांढरी अक्षरं. पान उलटलं. डब्ल्यूडी एजीओ ५३-५५, त्या युद्धातल्या डिस्चार्जचा फॉर्म. त्यावर अंगठ्याचा ठसा, तोही पांढरा. बाईंनी बोट फिरवत एकेक रकाना वाचला. नाव. नंबर. मग 'ऑर्गनायझेशन' या रकान्यात, टाइपरायटरच्या जरा वर-खाली झालेल्या अक्षरांत, ६०३ वी इंजिनियर कॅमफ्लाज बटालियन. खाली कामाचा प्रकार, कॅमफ्लाज तंत्रज्ञ. त्याखाली मोहिमा.

त्या रडल्या नाहीत. पर्समधून चष्मा पुसायचं फडकं काढलं, चष्मा पुसला आणि ती ओळ परत वाचली. मग मला म्हणाल्या, "डोळे तपकिरी लिहिलेत. हिरवे होते."

प्रमाणित प्रती चार घ्या. आम्ही दोन घेतल्या आणि मला परत जावं लागलं.

ऑक्टोबरमध्ये घोस्ट आर्मी लेगसी प्रोजेक्टशी संपर्क केला. ही संस्था या तुकडीच्या सैनिकांची नावं आणि चरित्रं जमवते, सुवर्णपदकासाठीही त्यांनीच वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. त्यांच्या यादीत नाव होतं, फक्त पुढे काही लिहिलेलं नव्हतं. बाईंनी चित्राचा फोटो आणि दोन पानं माहिती पाठवली.

नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या कामासाठी मला सेंट लुईसला जायचं होतं, तेव्हा एक दिवस जास्त राहिलो. तिथल्या अभिलेखागारात आधी वेळ ठरवून जाता येतं, संशोधकाचं ओळखपत्र फुकट करून देतात. आत पेन न्यायचं नाही, फक्त शिसपेन्सिल. फोनने फोटो काढता येतात, फ्लॅश बंद ठेवून. मला 'मॉर्निंग रिपोर्ट' बघायचे होते. प्रत्येक कंपनी रोज सकाळी एक छोटा अहवाल भरायची, आज कोण आजारी, कोण बदलून आला, कोणाला बढती. वैयक्तिक फाइल जळली असली तरी हे अहवाल मायक्रोफिल्मवर शाबूत आहेत. चार तास रिळं फिरवली. मान आखडली. तीन वाजायला आले असताना तो पाठ झालेला नंबर डोळ्यांसमोरून गेला, मी रीळ मागे घेतलं. बढती, टेक्निशियन फिफ्थ ग्रेड. आणि खाली, त्या दिवशी तुकडीने काय केलं हे लिहायच्या जागेत, 'नेहमीचं छावणीतलं काम.'

नेहमीचं काम! ज्या माणसांनी हवेचे टँक फुगवून जर्मनांना गुंगवलं, त्यांच्या स्वतःच्या दप्तरातही तेवढंच. १९४७ ची इतिवृत्ताची वही आठवली. सांगण्यासारखं काही नाही. ते खोटं बोलले नव्हते, त्यांनी फक्त दप्तरातली भाषा घरी आणली होती.

पाटीच्या मजकुरावर हिवाळा गेला. मुलांचा पहिला मसुदा वाचून मला त्यांचं कौतुकही वाटलं आणि काळजीही. 'गुप्तहेर', 'महानायक', 'तीस हजार प्राण वाचवणारा'. या तुकडीच्या कामामुळे पंधरा ते तीस हजार सैनिकांचे जीव वाचले असावेत असा अंदाज सांगितला जातो, पण तो अकराशे माणसांच्या सगळ्या कामाचा. एका टेक्निशियनच्या नावावर तो लावता येत नाही. शिवाय ते हेर नव्हते, गणवेशातले सैनिक होते. मुलं नाराज झाली. अध्यक्ष असलेला मुलगा म्हणाला, "मग लोक थांबून वाचतील कशाला?" मी त्याला मॉर्निंग रिपोर्टचा फोटो दाखवला. तो खूप वेळ बघत राहिला आणि म्हणाला, मसुदा मी परत लिहितो.

बाईंनी एकच बदल सुचवला. नावानंतर पहिला शब्द 'चित्रकार' हवा. शेवटी मजकूर ठरला तो असा: नाव, चित्रकार, कॉलेजच्या बॅचचं वर्ष, बटालियन, २३ वी हेडक्वार्टर्स स्पेशल ट्रूप्स, आणि खाली, 'त्यांचं काम १९९६ पर्यंत गोपनीय होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.'

फ्रॅटर्निटीचं बोधचिन्ह पाटीवर हवं तर मुख्य कार्यालयाची परवानगी लागते. त्यासाठी सदस्यत्वाचा पुरावा, म्हणजे दीक्षेच्या नोंदवहीतला अनुक्रमांक. परवानगी सात आठवड्यांनी आली. पाटी दर्शनी भिंतीवर लावायचा विचार सोडून दिला, कारण घर जुन्या वास्तूंच्या संरक्षित भागात आहे आणि बाहेर खिळा ठोकायचा तरी नगर समितीपुढे अर्ज, सुनावणी असं सगळं होतं. जेवणाच्या दालनात लावली. आता वाटतं तीच जागा योग्य होती, कारण दहा मिनिटं बोलायला नकार दिला तो तिथेच. ब्राँझची पाटी ६४० डॉलरला पडली. दुकानाने पहिला नमुना पाठवला त्यात कॅमफ्लाजच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गळलेलं, आणि आम्हा पाच जणांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. बाईंच्या नातीने पकडलं. नमुना नेहमी अशा माणसाला दाखवा ज्याने तो मजकूर आधी वाचलेला नाही.

पदकाबद्दल बरेच जण विचारतात. काँग्रेसचं सुवर्णपदक तुकडीला असतं, सोन्याचं एकच बनतं. घरच्यांना वेगळं पदक किंवा पत्र आपोआप येत नाही. सरकारी टांकसाळ त्याच्या ब्राँझच्या प्रती विकते. आम्ही घेतली तेव्हा तीन इंची १६० डॉलर आणि दीड इंची २० डॉलर होती. मुलांनी वर्गणी काढून मोठी घेतली. कोणी पाच डॉलर दिले, कोणी वीस.

थडग्यासाठी मात्र एक गोष्ट विनामूल्य मिळते, आणि ती पुष्कळ कुटुंबांना माहीत नसते. खासगी दफनभूमीत घरच्यांनी स्वतःच्या खर्चाने शिळा बसवली असेल, तर माजी सैनिकांचं खातं त्या शिळेवर लावायला ब्राँझचं पदक देतं. फॉर्म व्हीए ४०-१३३०एम. तीन आकार असतात, शिळेवर मोकळी जागा मोजूनच आकारावर खूण करा. सोबत डिस्चार्जची प्रत जोडायची, सही बाईंची. जानेवारीत अर्ज टाकला, एप्रिलमध्ये पार्सल आलं. दफनभूमीची परवानगी वेगळी काढावी लागते, आम्हाला त्याचे ७५ डॉलर पडले.

७ जून २०२५, शनिवार. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा आठवडा. दालनात नव्वदएक माणसं. अमेरिकन लीजनचे चार म्हातारे सैनिक ध्वज घेऊन आले, त्यांतल्या एकाला गुडघ्याचा त्रास होता, तरी पूर्ण वेळ उभा राहिला. शहाण्णव वर्षांच्या ब्रदरना येणं जमलं नाही. त्यांनी पत्र सांगून लिहवून घेतलं होतं, ते अध्यक्षाने वाचलं. त्यात एका ओळीत त्यांनी 'साइनबोर्ड' या नावाबद्दल क्षमा मागितली होती. बाई उठल्या आणि म्हणाल्या, त्यांना कळवा, बाबा घरी रंगाच्या डब्यावर साइनबोर्ड असंच लिहायचे. आम्हाला कधी कळलं नव्हतं का ते. त्यांना ते नाव आवडत असणार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी तयारी करून वेगळंच लिहिलं होतं, पण तिथे उभं राहिल्यावर कात्रजच्या घाटाची गोष्ट सांगितली. एप्रिल १६६३, पुण्यात लाल महालात शायिस्तेखानावर रात्री छापा पडला. नंतर पाठलागाला निघालेल्या फौजेला कात्रजच्या बाजूला शेकडो मशाली पळताना दिसल्या, फौज तिकडे धावली, जवळ जाऊन बघते तर बैलांच्या शिंगांना बांधलेले पलिते. महाराज तोवर सिंहगडाच्या वाटेला लागलेले. ही परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे, आणि आजही आमच्या भाषेत कोणी कोणाला बेमालूम चकवलं की त्याने कात्रजचा घाट दाखवला असं म्हणतात. मी म्हणालो, त्या रात्री बैलांच्या शिंगांना पलिते बांधणारी माणसं कोण होती, त्यांची नावं आमच्याकडे उरली नाहीत. तुमच्याकडे त्यांतल्या एकाचं नाव उरलंय. ते आता भिंतीवर आहे.

मागच्या ओळीतला एक मुलगा नंतर माझ्याकडून 'कात्रज' कसं म्हणायचं ते शिकून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफनभूमीत आम्ही पाच जणच होतो. रात्री पाऊस पडून गेला होता, शिळा कोरडी व्हायला थांबावं लागलं. शिळा पूर्ण कोरडी नसेल तर गोंद धरत नाही, जुना टॉवेल सोबत असू द्या. बाईंच्या मुलाने शिळा पुसली, पट्टीने मोजून खूण केली, गोंद लावला आणि पदक टेकवलं. ते घट्ट बसेपर्यंत दाबून धरायचं होतं. बाई म्हणाल्या, मी धरते. गुडघे टेकून, तळहात पदकावर ठेवून त्या बसल्या.

हात तसाच ठेवून त्या चित्राबद्दल बोलायला लागल्या. सात-आठ वर्षांची असताना त्यांनी वडिलांना विचारलं होतं, या चर्चला छप्पर का नाही? युद्धाबद्दल त्यांनी बाबांना विचारलेला तो पहिला आणि शेवटचा प्रश्न, आणि तो युद्धाबद्दल आहे हे त्यांना तेव्हा माहीतच नव्हतं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, त्या दिवशी ऊन फार छान पडलं होतं. ते आत यायला हवं होतं."